पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा बघायला चाललोय, निसर्गचित्रवाल्याने तिथे काय बघावं?

जांभ्याचीवाट

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस वाचत असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. मी तळकोकणातला, सावर्ड्याला जी.डी. आर्ट (चित्रकलेची पदविका) केलं आणि आता हायस्कूलवर चित्रकला शिक्षक आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं, फलकलेखन, गॅदरिंगचे पडदे हे सगळं करून जो वेळ उरतो त्यात जलरंग, मुख्यतः निसर्गचित्रं, सडे (जांभ्या दगडाची पठारं), खाड्या, पावसाळ्यातली शेतं वगैरे. राज्य कला प्रदर्शनाला काम पाठवत असतो. मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीसाठी अर्ज करायचा तर नंबर लागायला वर्षं जातात हे इथे कोणाला नव्याने सांगायला नको, आणि तिकडे आठवडाभर राहायचं, फ्रेमा न्यायच्या, तो खर्च आमच्यासारख्याला झेपत नाही. पणजी मात्र मला जवळ आहे, सावंतवाडीहून सकाळी गाडी पकडली की दुपारच्या आत माणूस मांडवीवर. आत्तापर्यंत गोव्याला जाणं झालं ते मंगेशी-शांतादुर्गा आणि लग्नकार्यासाठी, दिवाळीच्या सुट्टीत मात्र फक्त गॅलऱ्या बघायला चाललोय.

म्युझियम ऑफ गोवाचं नाव खूप ऐकलंय पण तिथे जास्त करून इन्स्टॉलेशन (वस्तू मांडून केलेली कलाकृती) आणि मोठी शिल्पं आहेत असं कळतं. तर प्रश्न असा की कागदावर पाण्याने काम करणाऱ्या माणसाला त्यातून नेमकं काय मिळेल, की त्यापेक्षा दुसरीकडे कुठे जावं? आणि दुसरं म्हणजे सोबत माझं थोडं काम न्यावं का, कोणाला दाखवायचं असेल तर रीत काय असते, सरळ जाऊन काउंटरवर विचारायचं का? कॉलेजात चित्र काढायला शिकवलं, हे कोणी शिकवलं नाही. जाणकारांनी मनापासून सांगावं.

मांडवीपलीकडे

सर, जरूर जा. मी म्हापशाजवळ राहतो, तिथे जाणं-येणं असतं म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट जागा. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत आहे, आजूबाजूला कारखान्यांच्या शेड आणि मालाचे ट्रक, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं आपण रस्ता चुकलो. सुबोध केरकरांनी २०१५ मध्ये सुरू केलं. केरकर मूळचे डॉक्टर, वडील चंद्रकांत केरकर चित्रकार, आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे केरकर सुरुवातीला जलरंगातच काम करायचे! म्हणजे तुम्ही जिथे उभे आहात तिथूनच निघालेला माणूस पुढे समुद्राकडे साहित्य म्हणून बघायला लागला, हे डोक्यात ठेवून आत गेलात की निसर्गचित्र आणि इन्स्टॉलेशन अशी जी भिंत आपण मनात घालून ठेवतो ती आपोआप खाली येते. त्यांनी कोळ्यांना किनाऱ्यावर होडीच्या आकारात बसवून, उभं करून केलेली कामं आहेत, त्याचे फोटो बघा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्या माणसांचीच होडी. आपण खाडीचं चित्र काढताना होडी काढतो आणि दोन ठिपके टाकून माणूस दाखवतो, तिथे माणूस हाच विषय आणि तोच रंग.

आता एक काम नीट बघाच असं सांगेन. चिनीमातीच्या बशा समुद्रात ठेवून त्यांच्यावर कालवं धरू दिलेली आहेत. मांडणी बदलत असते तेव्हा त्या वेळी कुठे लावलेल्या असतील ते विचारून घ्या, पण दिसल्या तर घाई करू नका. बशीची गुळगुळीत झिलई कुठे संपते आणि शिंपल्याची खडबडीत कड कुठे सुरू होते ती रेषा बघा. ती रेषा कुठल्याही माणसाच्या हाताने काढलेली नाही, पण बशी कुठली घ्यायची, किती खोल ठेवायची, किती दिवसांनी वर काढायची हे सगळं चित्रकाराने ठरवलंय. ओल्या कागदावर रंग सोडताना तुम्ही नेमकं हेच करता ना, रंग कुठे पळणार ते पाणी ठरवतं, पण कागद किती ओला ठेवायचा आणि कधी थांबायचं ते तुम्ही. माझ्या मते जलरंगवाल्याला हे काम तैलरंगवाल्यापेक्षा लवकर कळतं.

मिरचीची शिल्पंही बघा, लाल, प्रचंड. मिरची आपल्याकडची नव्हेच, अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आली, त्याआधी आपल्या जेवणात तिखट म्हणजे मिरं. वास्को द गामा १४९८ ला कालिकतला उतरला, अल्बुकर्कने १५१० ला गोवा घेतलं, त्यानंतर मिरची, काजू, बटाटा असं काय काय आलं आणि आज कोकणी माणसाला काजूशिवाय सडा आठवत नाही. हा सगळा इतिहास एका वस्तूत उभा केलाय आणि वर पाटी वाचायच्या आधीच तो अंगावर येतो. रविवारी सकाळी तिथे व्याख्यानं, गप्पा असतात, जुळलं तर रविवारच धरा.

जायचं कसं तर पर्वरीपर्यंत बस, पुढे रिक्षा नाहीतर पायलट (भाड्याची मोटरसायकल). वेळ आणि तिकीट फोन करून बघून घ्या, सुट्टीच्या दिवसांत बदल असतो.

उन्हाची_तिरीप

वरच्या प्रतिसादाबद्दल आदर ठेवून जरा वेगळं सांगतो. पिळर्णला जायचं असेल तर जा, पण सर तुमच्याकडे वेळ थोडा असेल तर आधी पणजी! निसर्गचित्र काढणाऱ्या माणसाची भूक रंग कसा लावलाय ते बघण्याची असते आणि ती मोठ्या मिरचीने भागत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

पणजीच्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेच्या घरात चित्रकार त्रिंदाद यांची चित्रं आहेत. आंतोनियो झेवियर त्रिंदाद, १८७० ते १९३५, गोव्यात जन्मले आणि मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून तिथेच शिकवायला राहिले. म्हणजे महाराष्ट्रात ज्या अकॅडमिक (हुबेहूब, वास्तववादी) शैलीत आपण सगळे वाढलो, चित्रकार धुरंधरांपासून पुढची, तिचा हा एक मोठा माणूस, आणि आपल्याकडच्या चित्रकला शिक्षकांना बरेचदा नावही माहिती नसतं याचं मला फार वाईट वाटतं. घरातल्या बायका-मुलींची पोर्ट्रेट्स आहेत. साडीच्या काठावर उजेड पडतो तिथे रंग जाड आणि सावलीत एकदम पातळ, इतका पातळ की खालची गरम तपकिरी पार्श्वभूमी वर येते आणि तीच अंगाची उष्णता होते. समोरून बघून झालं की बाजूला सरका, खिडकीचा उजेड तिरका पडेल असं उभं राहा, मग ब्रशची दिशा दिसायला लागते. कुठे एका फटक्यात काम झालंय आणि कुठे परत परत हात फिरलाय ते कळतं, हे छापील पुस्तकात कितीही चांगली छपाई असली तरी दिसत नाही.

तिथून पुढे चालत मिनेझिस ब्रागांझा संस्थेत जा. प्रवेशद्वाराशी भिंतभर निळ्या-पांढऱ्या टाइल्स आहेत, जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज कलावंताच्या, १९३५ च्या, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग. फक्त एक निळा. गडद-फिका करून त्यात समुद्र, गलबतं, ढग, माणसं सगळं बसवलंय. माझ्या विद्यार्थ्यांना मी टोनल व्हॅल्यू शिकवताना त्याच भिंतीसमोर उभं करतो.

आणि शेवटी पणजीतल्याच आल्तिनो टेकडीवर सुनापरांत हे कला केंद्र, २००९ पासून आहे, जुनं घर आहे, प्रदर्शनं बदलत असतात, आत बसायला कॅफे आहे. तिथे आजचं काम बघायला मिळेल. पिळर्ण त्यानंतर.

मांडवीपलीकडे

@उन्हाची_तिरीप त्रिंदाद यांच्याबद्दल शंभर टक्के सहमत, पण क्रम मला पटत नाही. सरांना अकॅडमिक काम सावर्ड्याला भरपूर दाखवलं असणार, हात तयार आहे, आता अडतंय ते पुढचं. साळगाव पिळर्णच्या शेजारीच आहे, तिथला चित्रकार सूझा. जन्म १९२४, जे.जे.मधून काढून टाकला, १९४७ ला रझा, आरा, हुसेन वगैरे मंडळींबरोबर प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट काढला. त्याच १९२४ साली गोमंतकीय घरातले चित्रकार गायतोंडे नागपूरला जन्मले. दोघेही जे.जे.तूनच गेले आणि दोघांनी शिकलेलं बाजूला ठेवून स्वतःचं शोधलं. ज्याला शिकलेलं येतं त्याने ते सोडलेलं बघावं, एवढंच म्हणणं आहे.

उन्हाची_तिरीप

हे मान्य आहे. पण गायतोंडेंचं काम जवळून बघितलेला माणूस सांगेल की त्यांनी सोडलं ते आकार, रंग लावण्याची शिस्त अजिबात नाही, उलट ती वाढवली, रोलर आणि पॅलेट नाइफने थरावर थर. म्हणून मी म्हणतो आधी रंग बघा. असो, सर दोन्हीकडे जातील, त्यांचं ते ठरवतील.

फ्रेमवाली

सर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं कोणीच उत्तर दिलं नाही म्हणून लिहिते. मी काही वर्षं एका गॅलरीत काम केलंय (गोव्यातली नाही), आता फ्रेमिंग करते.

आधी हे बघा की आपण ज्याला सरसकट गॅलरी म्हणतो त्यात चार वेगळ्या जागा आहेत आणि चारही ठिकाणी वागायची रीत वेगळी. जहांगीरसारखी जागा, जिथे अर्ज करायचा, निवड झाली की भाडं भरून आपलं आपण प्रदर्शन लावायचं, १९५२ पासून महाराष्ट्रातल्या किती पिढ्या तिथे अशाच उभ्या राहिल्या. मग विक्री करणारी खासगी गॅलरी, ती चित्रकार स्वतः निवडते, भाडं घेत नाही पण विक्रीतला मोठा वाटा घेते, निम्म्यापर्यंतही जातो. तिसरं संग्रहालय, तिथे संग्रह आणि विषय ठरलेला असतो, तुमचं चित्र विकायला ते बसलेले नाहीत. चौथं म्हणजे ट्रस्ट किंवा फाउंडेशनची जागा, तिथे वर्षाचा कार्यक्रम ठरतो, क्युरेटर (प्रदर्शनाची निवड-मांडणी करणारा) असतो, कार्यशाळा, रेसिडेन्सी (तिथे राहून काम करण्याची सोय) असतात. पिळर्णला गेल्यावर माझं प्रदर्शन लावता का हा प्रश्न जसाच्या तसा लागू होत नाही, पण इथे निवासी कार्यशाळा किंवा ग्रुप शो होतात का, अर्ज कधी मागवता, हे विचारायला काहीच हरकत नाही. आधी ठरवा आपण कुठल्या दारात उभे आहोत.

काम सोबत नेऊ नका. म्हणजे मूळ चित्रं. चांगले चांगले हात असलेले लोक कागदाची गुंडाळी काखेत घेऊन उद्घाटनाच्या दिवशी यायचे, गर्दीत टेबलावर उलगडायचे, कोपरे दुमडलेले, आणि समोरचा माणूस पाहुण्यांमध्ये अडकलेला, मग कोणीच नीट बघायचं नाही आणि तो चित्रकार दुखावून जायचा. मला ते बघून पोटात तुटायचं कारण काम चांगलं असायचं. त्यापेक्षा आधी ईमेल. दहा-बारा चित्रं, एकाच धाग्यातली. सगळ्या प्रकारचं थोडं थोडं पाठवलं की बघणाऱ्याला कळत नाही हा माणूस आहे कोण. प्रत्येकाखाली नाव, माध्यम, माप, साल. फोटो दिवसाच्या सावलीच्या उजेडात, काचेशिवाय, कॅमेरा चित्राला समांतर, आणि फिल्टर चुकूनही नको, पावसाळी राखाडी रंगाचं चित्र फिल्टरने निळं झालं तर तुमचं चित्रच गेलं. सोबत पानभर नाही, दोन परिच्छेद स्वतःबद्दल, मराठीत लिहा मग कोणाकडून इंग्रजी करून घ्या, उलटं करू नका कारण इंग्रजीत लिहायला बसलं की आपण सगळे तेच ते शब्द लिहितो. कुठल्या गावातला सडा, कुठला महिना, तिथेच का जाता, हे लिहा. उत्तर नाही आलं तर महिन्याने एकदा आठवण करा. प्रत्यक्ष गेलात तर आधी तिथलं प्रदर्शन नीट बघा, त्याबद्दल बोला, मग फोनवर चार चित्रं दाखवली तरी चालतात.

डिसेंबरात जमलं तर सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल पण असतो पणजीत, २०१६ पासून भरतो, तेव्हा क्युरेटर लोक तिथेच फिरत असतात.

जांभ्याचीवाट

मंडळी, जाऊन आलो. सगळ्यांचे आभार मानावे तितके थोडे. पहिल्या दिवशी पणजी, दुसऱ्या दिवशी पिळर्ण असं केलं, म्हणजे दोघांचंही ऐकलं!

त्रिंदादांच्या चित्रांपाशी खरंच पाय हलेनात. बाजूने बघायची ती युक्ती, त्याने एका पोर्ट्रेटमध्ये कपाळावरचा उजेड फक्त एक-दोन फटक्यांचा आहे हे दिसलं. वही काढून फक्त उजेड-सावलीचे ठोकळे काढत बसलो, तिथल्या माणसाने पेन्सिल चालेल म्हणून सांगितलं, खुर्चीही दिली.

पिळर्णला त्या बशा मिळाल्या. फोटोत नुसतं वेगळं काहीतरी वाटायचं, समोर उभं राहिल्यावर कालवांच्या शिंपीचे थर दिसतात, एकावर एक पापुद्रे, कडेला पातळ होत गेलेले, आणि एका ठिकाणी शिंप निघून गेली असावी तिथे झिलईवर नुसता पांढरा वण राहिलाय. मला तो वण सगळ्यात आवडला. आमच्याकडे खडकावरची कालवं कोयत्याने फोडून काढतात त्यानंतर खडकावर अस्सेच वण राहतात, लहानपणापासून बघतोय, पण तो आकार चित्राचा विषय होऊ शकतो हे तिथे उभं राहिल्यावर कळलं.

आणि येताना डोक्यात एकच घोळत होतं. आमच्याकडच्या आणि गोव्याच्या जुन्या देवळांत कावी काम आहे, चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर देऊन ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडायचं की खालचा पांढरा वर येतो. तिथे चित्रातलं लाल म्हणजे पायाखालची जमीनच. मी इतकी वर्षं जांभ्याचा सडा रंगवतोय तो बर्न्ट सिएना आणि लाइट रेडच्या ट्यूबने, आणि सडा दाराबाहेर आहे. तर मातीपासूनच जलरंग करून त्याच सड्याची एक मालिका करायची ठरवलीय. फ्रेमवाली ताईंनी म्हटलेला एक धागा, तो हाच. ईमेल त्यानंतर. कोणी मातीचे रंग घरी केलेत का, कागदावर टिकतात का?

सडा_आणि_शेवाळ

केलेत आणि टिकतात. जांभ्याचा लाल म्हणजे लोहाचं ऑक्साइड, उन्हाने उडणाऱ्यातला तो रंगच नाही, विकतच्या ट्यूबमधले किती गुलाबी-जांभळे त्याआधी उडतात. त्या बाबतीत निर्धास्त राहा. कष्ट आहेत ते माती धुण्यात.

रस्त्याच्या कडेची घेऊ नका, तेल आणि काडीकचरा असतो, विहीर खणलेल्या जागची किंवा चिरेखाणीतली भुकटी घ्या. कुटून चाळा. मग बादलीत भरपूर पाण्यात ढवळा, थोडा वेळ थांबा म्हणजे रेती तळाला बसते, वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. हे परत परत करा. प्रत्येक वेळी जास्त बारीक माती हाती लागते आणि रंगही बदलत जातो, पहिल्या भांड्यातला विटकरी आणि शेवटच्यातला जवळजवळ नारिंगी असं होतं, ते सगळे वेगळे ठेवा. पाणी निथळून माती सुकवा.

बांधायला डिंक, जलरंगात तोच असतो. बाभळीचा स्वच्छ डिंक कोमट पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा, त्यात थोडा मध म्हणजे सुकल्यावर तडकत नाही, आणि लवंगेच्या तेलाचा थेंब म्हणजे बुरशी धरत नाही. जाड काचेवर माती आणि डिंकाचं पाणी घेऊन सपाट बुडाच्या वरवंट्याने गोल गोल घोटायचं, खरखर आवाज यायचा थांबेपर्यंत. यात कंटाळा करू नका, ट्यूबच्या रंगात आणि घरच्या रंगात फरक पडतो तो इथेच. मग कागदावर पट्टी ओढा, वाळली की बोटाने घासा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी, चकाकली किंवा भेगा गेल्या तर जास्त.

कागद कापसाचा घ्या, ३०० जीएसएम, कारण मातीचा कण जड असतो आणि हलक्या कागदावर डबकी धरतो. कण खाली बसून जो दाणेदारपणा येतो तो सड्याला अगदी शोभतो, मुद्दाम रफ पोताचा कागद घेऊन बघा.

फ्रेमवाली

मस्तच सर, मालिका नक्की करा! फ्रेमिंगबद्दल आत्ताच सांगून ठेवते कारण कोकण-गोव्याची हवा. काच चित्राला टेकू देऊ नका, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) जाड कापा, ॲसिड-फ्री बोर्ड, मागे साधा पुठ्ठा अजिबात नको, तो पिवळा पडतो आणि चित्रालाही पिवळं करतो. भिंतीला फ्रेम चिकटून राहू नये म्हणून खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या गोळ्या लावा, हवा खेळती राहते. पावसाळ्यात न लावलेली चित्रं लोखंडी कपाटात, प्रत्येकाच्या मध्ये बटर पेपर आणि सिलिका जेलच्या पुड्या, पुड्या महिन्याने बदला. आणि चित्रांचे फोटो फ्रेम करायच्या आधी काढून घ्या, म्हणजे ईमेलच्या वेळी परत उघडायला नको.